राणीच्या दुसऱ्या टोकाला

बाबांची राख साखरेच्या डब्यात ठेवायची, हा निर्णय आईचा. दाहगृहातून मिळालेल्या भांड्याचं झाकण नीट बसत नव्हतं आणि साखरेच्या डब्याचं मात्र इतकं घट्ट होतं की उघडताना बाबा स्वतः दर वेळी शिव्या घालायचे.

"मुंग्या लागतील," लेक म्हणाली. तेवढंच सुचलं तिला.

"साखरेला लागतात. ह्यांना नाही लागायच्या," आई डबा पुसत म्हणाली. "गोडवा होताच कुठे?"

डबा स्वयंपाकघरातल्या फळीवर चहाच्या डब्याशेजारी बसला. तिथे तो कायमचा राहणार नव्हता. बाबांनी हॉस्पिटलात लेकीला एक काम सांगून ठेवलं होतं आणि ते ऐकून तिला आधी वाटलं होतं, औषधं डोक्यात चढली असावीत. नळ्या नाकात, आवाज अर्धा, आणि ते म्हणत होते, "मला राणीच्या दुसऱ्या टोकाला लटकव."

"बाबा, काय बोलताय?"

"नीट ऐक. त्या वजनात रेती आणि नटबोल्ट भरलेत मी. ते काढ. मला भर. मी बरोबर बसेन तिथे, हिशेब केलाय. थोडा उरलो तर कुंडीत टाक."

त्यानंतर ते जे बोलले ते सगळं पाणी, उशी आणि नर्स यांच्याबद्दल होतं. म्हणजे शेवटची इच्छा म्हणावी अशी ही एवढीच. लेकीने हो म्हटलं होतं. जिथे शब्द फिरवायला समोरचा माणूसच उरत नाही, तिथे दिलेला शब्द फार चिवट निघतो, हे तिला नंतर कळलं.

आता राणी कोण, हे सांगायला हवं. राणी म्हणजे दिवा. चर्चमध्ये वेदीपुढे, उंचावरून तीन साखळ्यांवर लाल काचेचा जो दिवा टांगतात आणि जो कधी विझू द्यायचा नसतो, तसला. बाबा असले जुने दिवे जमवायचे. त्यांचा देवावर काडीचा विश्वास नव्हता. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. उभा जन्म लिफ्टच्या शाफ्टमध्ये, ग्रीस आणि अंधारात गेला. एकदा एका चर्चच्या घंटेची कप्पी अडकली म्हणून त्यांना बोलावलं. तिथे एका म्हाताऱ्या सेवकाने तेल घालायला तो दिवा खाली ओढला. नुसतं बोट लावलं, आणि हा एवढा मोठा दिवा डोक्यावरून खाली आला, हाताशी थांबला, तेल घातल्यावर बोटाच्या धक्क्याने परत वर गेला आणि जिथे सोडला तिथे स्थिर राहिला. ना मोटर, ना बटण. वर छतात एक कप्पी आणि दुसऱ्या टोकाला नेमकं तेवढंच वजन. बाबा घरी आले ते प्रेमात पडूनच. "देव आहे की नाही ते मला माहीत नाही," ते आईला म्हणाले होते, "पण तिथला काउंटरवेट अगदी बरोबर आहे."

तेव्हापासून बंद पडलेल्या चर्चमधून, भंगारवाल्यांकडून, लिलावातून दिवे यायला लागले. पितळेचे, चांदीचा मुलामा दिलेले, पंखवाल्या बाळांची डोकी लावलेले, काचा तडकलेले. दोन खोल्यांच्या घरात माणसं वाकून चालायला शिकली. एक छोटा दिवा बाबांनी बाथरूमच्या दारावर टांगला. चर्चमध्ये हा दिवा तेवत असला की देव आत आहे असं समजतात. इथे दिवा लागला की आत कोणीतरी बसलंय असं समजायचं, हा घरचा नियम. एकदा एक दिवा विकायला म्हणून एक पाद्री स्वतः घरी आले होते. त्यांनी तो बाथरूमवरचा दिवा पाहिला आणि आई शरमेने अर्धी झाली. बाबांनी मात्र न लाजता अर्थ सांगितला. पाद्री म्हणाले, "चांगलं आहे. आमच्याकडेही बाहेर ताटकळणारे पुष्कळ असतात."

या सगळ्यांत राणी मोठी. तिचा घेर परातीएवढा, अंगावर द्राक्षांच्या वेली, आणि मुख्य म्हणजे तिचं मूळ वजन तिच्यासोबत आलेलं. मोठ्या पपईएवढं, पोकळ पितळी, त्यावरही तीच द्राक्षं, वर फिरकीचं झाकण. आतलं शिसं भंगारवाल्याने आधीच वेगळं काढून विकलं होतं, म्हणून बाबांनी रेती आणि नटबोल्ट भरले. पण रेती दमट हवेत जड होते आणि कोरड्या हवेत हलकी, असं त्यांचं म्हणणं. राणी कधी बोटभर वर, कधी बोटभर खाली. ही गोष्ट त्यांना दाताच्या फटीत अडकलेल्या सालपटासारखी छळायची.

एका रविवारी दुपारी लेकीने टेबल सरकवलं, स्टुलावर चढली आणि ते वजन उतरवलं. राणी खाली येऊ नये म्हणून आईने तिला दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

"लवकर कर. माझे खांदे भरून आले."

"आई, झाकण घट्ट आहे."

"ह्यांनीच लावलेलं असणार. जिथे घट्ट नको तिथे घट्ट."

रेती बादलीत गेली, नटबोल्ट खळखळून तिच्यामागे गेले. मग डबा आला. लेक ग्रंथालयात नोकरी करायची, भरपूर वाचायची आणि दुःखाबद्दल तिने पुष्कळ चांगली पानं वाचलेली होती. त्यांतल्या एकाही पानावर असं लिहिलेलं नव्हतं की वडिलांना ओतताना नरसाळं लागतं. तेलाचं नरसाळं चिकट होतं, म्हणून आईने वर्तमानपत्राचा शंकू करून दिला.

"हळू," आई म्हणाली. "हळू, सांडतील."

बाबा उरतील म्हणून लेकीने कुंडी शेजारी आणून ठेवली होती. उरले नाहीत. चमचाभरही नाही. झाकण लावलं, वजन साखळीला अडकवलं आणि लेक म्हणाली, "सोड."

आईने हात काढले तशी राणी जड बाईसारखी हुश्श करत खाली आली आणि टेबलावर बसली. दुसऱ्या टोकाला बाबा सरसर जाऊन छताला टेकले.

दोघी वर बघत राहिल्या.

"कमी पडले," लेक म्हणाली.

"हॉस्पिटलात जेवले कुठे?" आई म्हणाली.

लेकीला हसू आलं आणि ते अर्ध्यावर वेगळंच काहीतरी व्हायला लागलं, म्हणून तिने स्टूल सरळ करायचं काम काढलं. चूक कुठे झाली हे तिला कळत होतं. ही चूक लिफ्टवालाच करू जाणे. लिफ्टमध्ये पाटी असते, इतकी माणसं म्हणजे इतकं वजन. त्या धंद्यात माणूस जाड असो, बारीक असो, त्याचं वजन एकच धरायचं, ठरलेलं. बाबांनी स्वतःलाही तसंच धरलं. एक माणूस. वाटेत आग लागते आणि ती बहुतेक सगळा माणूस घेऊन जाते, ही वजावट त्यांनी केलीच नव्हती.

नेमकी तेव्हाच बेल वाजली. दारात चुंबककाका उभे, खांद्यावर घडीची शिडी आणि बगलेत घोंगडं.

चुंबककाका हे बाबांचे सगळ्यात जुने मित्र, आणि दिव्यांच्या बाबतीत जानी दुश्मन. खिशात कायम एक चुंबक. जे दिसेल त्याला लावून बघायचं. चिकटला तर लोखंड, म्हणजे नकली. नाही चिकटला तर पितळ, म्हणजे बोलणी सुरू. लोकांच्या दाराच्या कड्यांना लावायचे, हॉटेलातल्या चमच्यांना लावायचे. आईच्या लग्नातल्या भांड्यांना लावून "वहिनी, तुम्हाला फसवलं" असं सांगितलं तेव्हापासून आईने त्यांना त्या भांड्यांतून काही वाढलं नव्हतं.

"वहिनी, वेळ चुकीची आहे का?"

"तुमची कधी बरोबर होती, भावजी? या."

काका आत आले आणि टेबलावर बसलेली राणी बघून जागीच थांबले. "हे काय? कोणी खाली आणली? साखळीला पीळ पडलाय! सरका, सरका." शिडी उघडून ते चढलेसुद्धा. राणी आणि तिचं वजन यांच्यात काही बिघडलंय म्हटल्यावर त्यांना थांबवणं म्हणजे तापलेल्या तव्यावरचं पाणी थांबवणं. त्यांनी छताला टेकलेलं वजन काढलं, हातात तोललं, नाक मुरडलं. "हलकं. केवढं हलकं! आतलं काढलं कोणी?"

"काका, ते उघडू नका," लेक म्हणाली.

उघडलं होतं. काकांनी दोन बोटं आत घातली, चिमूट काढली, अंगठ्यावर चोळली, चष्मा कपाळावर चढवून जवळून पाहिली. वासही घेतला. "राख! अहो, चुलीची राख भरलीय! राखेने वजन येतं होय? कुठल्या मूर्खाची अक्कल ही?"

"त्यांचीच," आई म्हणाली.

"कोणाची?"

"ज्याची राख आहे त्याची."

शिडीवर काकांची दोन बोटं हवेत तशीच राहिली. कुठे पुसावीत हे कळत नव्हतं. शर्टाला पुसणं बरं नव्हतं, न पुसणंही बरं नव्हतं. आईने साखरेचा रिकामा डबा उचलून त्यांच्यासमोर धरला. "झटका ह्यात. बेसिनवर नका धुऊ, नळीत जातील. ती नळी ह्यांनीच बसवलीय, आधीच तुंबते."

काकांनी बोटं झटकली, एकेक, फार सावकाश. मग शिडीच्या पायरीवरच बसून राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "नालायक. मला सांगितलं असतंस तर शिसं आणलं असतं." हे ते डब्याकडे बघून म्हणाले.

चहा झाला. आईने त्यांना मुद्दाम त्या लग्नातल्या भांड्यांपैकीच एका पेल्यात दिला, म्हणजे प्रसंग मोठा होता. चहानंतर काकांनी घसा खाकरला.

"वहिनी, विषय काढायला नको वाटतं, पण त्याने मला शब्द दिला होता. मी मेलो की राणी तुझी. तुमच्यासमोर म्हणाला होता."

"म्हणाले होते," आईने मान हलवली. "त्याच दिवशी, तुम्ही आधी मेलात तर तुमचे सगळे दिवे ह्यांचे, असंही ठरलं होतं. दोघं एकमेकांच्या तब्येतीची चौकशी करायचात ती उगाच नाही."

लेकीला हे माहीत नव्हतं. तिने पेला खाली ठेवला. "काका, तुम्हाला दिवा दिलाय. नक्की न्या. वजन मात्र राहू दे. मला त्यांनी वेगळं सांगितलंय." आणि तिने हॉस्पिटलातलं ते सांगितलं.

काकांनी ऐकून घेतलं. मग जे बोलले ते त्यांनाही आवडलं नसावं, कारण ते पेल्याकडे बघून बोलले. "वजनाशिवाय राणी मी नेणार नाही. द्राक्षं बघ, दोन्हीवर एकाच हाताची आहेत. संच मोडायचा नाही, हे वाक्य कोणाचं?"

वाक्य बाबांचं होतं. साखळ्या वेगळ्या आणि काच वेगळी विकणाऱ्या एका व्यापाऱ्याला त्यांनी भर बाजारात कसाई म्हटलं होतं आणि त्याच्या दुकानावरून जायला नको म्हणून पुढे कित्येक वर्षं लांबचा रस्ता धरला होता.

"मग वजनही न्या. मी राख काढून घेते," लेक म्हणाली आणि बोलता बोलताच तिला कळलं की तसं करता येणार नाही. राख काढली तर बाबांना दिलेला शब्द मोडतो. ठेवली तर बाबा काकांच्या घरी जातात. राणी अडवून धरली तर बाबांनी काकांना दिलेला शब्द मोडतो, आणि तो मोडायचा तिला अधिकार नव्हता. कुठूनही मोजलं तरी उत्तर एकच येत होतं. ती आपले वडील गमावणार होती, दुसऱ्यांदा, आणि तेही चुंबककाकांना.

"मला काय विचारता?" आई म्हणाली, कोणी विचारलेलं नसताना. "दोन्ही न्या. जिवंतपणी डोक्यावर बसले, आता डोक्यावर लटकणार. मी जेवू कशी खाली?"

"आई!"

"वहिनी, मला दिवा हवाय," काका घाईने म्हणाले. "मित्र मला पुरेसा मिळालाय. पोटभर मिळालाय. रोज सकाळी उठून त्याचं तोंड बघायचं? तो तिथूनही चुका काढेल माझ्या."

"मग नका नेऊ," लेक म्हणाली.

"नेणार नाही असं कुठे म्हणालो मी?"

ही बोलाचाली संध्याकाळपर्यंत चालली. घोडं कुठे पेंड खात होतं ते तिघांनाही माहीत होतं, पण पेंड उचलायला कोणी वाकेना. अखेर आईने राणीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं आणि म्हणाली, "भावजी, तुमचा जिना किती उंच हो?"

काकांचं घर एका जुन्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर होतं. जिना गोल फिरत वर जायचा आणि मधे सगळी पोकळी, तळापासून छताच्या काचेपर्यंत. लिफ्टसाठी सोडलेली ती जागा. लिफ्ट मात्र कधीच बसली नाही, कारण तळमजल्यावरच्यांना तिचा उपयोग नव्हता आणि वरच्यांचं त्यांच्याशी पटत नव्हतं. बाबा काकांकडे गेले की चढताना दर मजल्यावर थांबून त्या पोकळीत बघायचे आणि धापा टाकत म्हणायचे, "केवढा सुंदर शाफ्ट! आणि ह्यात तुम्ही काय सोडता, तर केळीची सालं."

"इथे ती जेमतेम हातभर हलते," आई म्हणाली. "नाकापेक्षा मोती जड. ह्यांना खालीवर करायचं असणार. तुमच्या जिन्यातच लटकवा."

"म्हणजे त्यांनी हे ठरवून केलं?" लेकीने विचारलं. "दोघांना दोन वेगळे शब्द?"

"छे. तुझ्या बाबांनी एवढ्या लांबचा विचार जन्मात केला नाही. विसरले असतील. पण विसरले ते बरं विसरले."

बाबांनी हिशेब केला होता की घोळ घातला होता, हे आता कोणाला विचारणार? घोळ घालण्याची शक्यता जास्त होती. लेकीने फळीवरच्या साखरेच्या डब्याच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. नाहीतरी तिने ठेवलं असतं कुठे? आपल्या घरी, पुस्तकांच्या कपाटावर? तिथे ते दिवसभर गप्प बसून राहिले असते, आणि गप्प बसलेले बाबा तिने हॉस्पिटलातच काय ते पाहिले होते. तेवढे पुरे होते.

"एक अट आहे," ती काकांना म्हणाली. "दिव्यात तेल मी घालणार."

"माझ्या दिव्यात?"

"तुमच्या दिव्यात. दर आठवड्याला. मी येणार, मी घालणार. तुम्ही हात लावायचा नाही."

"वात?"

"वातही मीच."

"काच तरी पुसू?"

लेकीने विचार केला. "काच पुसा."

काकांनी हात पुढे केला, मग कुठल्या हाताने बाबांना चोळलं होतं ते आठवून तो मागे घेतला आणि दुसरा पुढे केला.

मधल्या दिवसांत काकांनी मासे पकडायच्या गळांना लावतात तसल्या शिशाच्या गोळ्या आणल्या. त्या एकेक करून वजनात सोडल्या. राणी टेबलावरून उठली, हवेत तरंगली, बोटाच्या धक्क्याने वर गेली आणि थांबली. "बघ," काका वजनाला म्हणाले, "असं करतात. सात जन्मांत तुला जमलं नसतं." आई शेजारून म्हणाली, "अर्धं शिसं, अर्धे हे. म्हणजे हयात होते तेव्हासारखेच."

मग एका सकाळी सगळं जिन्यात नेलं. वरच्या काचेखाली एक जुनी लोखंडी तुळई होती, तिला काकांनी दोन जुन्या कप्प्या लावून घेतल्या. साखळी नवी आणावी लागली, खूप लांब. राणी आणि बाबा दोघं मधल्या मजल्याच्या कठड्याशी समोरासमोर आले, तेव्हा लेक तिथे उभी होती. काका वर, कठड्यावरून अर्धे बाहेर वाकलेले. आई तळाशी, कारण तिने सांगून टाकलं होतं की एवढ्याशा राखेसाठी ती एवढे जिने चढणार नाही.

लेकीने तेल ओतलं, वात लावली. लाल काचेतून उजेड आला आणि जिन्याच्या भिंतीवरचे ओलीचे डाग एकदम कुणीतरी मुद्दाम रंगवल्यासारखे दिसायला लागले.

"आता बोट लाव!" काका वरून ओरडले. "हलकंच! खाली! आणि सोडलीस की थांबेल बघ, तिथल्या तिथे!"

लेकीने बोट लावलं. राणी खाली निघाली. बाबा वर निघाले. तिने बोट काढलं.

राणी थांबली नाही.

आधी तिला वाटलं, भास आहे. मग दिसलं की राणी सावकाश, पण ठामपणे, खाली चाललीय आणि जाता जाता वेग घेतेय. आणि त्याच क्षणी तिला कळलं काय चुकलं ते. घरी साखळी आखूड होती. इथे ती मजलेच्या मजले लांब, आणि राणी जसजशी खाली जाईल तसतशी तिच्या बाजूची साखळी वाढणार, तिचं वजन राणीत मिळणार. काकांनी दिवा तोलला, वजन तोललं. साखळी तोलायची राहिली. लिफ्टच्या तळापासून वजनाच्या तळापर्यंत ह्यासाठीच एक मोकळी साखळी सोडतात, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या राहतात. जेवणाच्या ताटावर बाबांनी हे किती वेळा सांगितलं होतं, काट्या-चमच्याला दोरा बांधून दाखवलं होतं, आणि ती पुस्तकातून डोकं वर न काढता "हं, हं" करत होती. ऐकलेलं असतं, हे तिला आत्ता कळलं.

"धर!" काका ओरडत होते. "अगं धर त्याला! कुठे चाललाय तो! थांबव!"

साखळी तिच्या अगदी समोरून, हाताच्या अंतरावरून चालली होती. लेकीने ती धरली. थंड होती, नवी, तेलकट. सगळं थांबलं. खाली राणीचा लाल ठिपका, आणि वर, तिच्या डोक्यापासून खूप वर, काचेतून येणाऱ्या उजेडात ती पितळी पपई हलके हलके स्वतःभोवती फिरत होती. तिच्या हाताला दोन्हीकडचं वजन लागत होतं, आणि ते फारसं नव्हतं. धरून ठेवायचं म्हटलं तर बराच वेळ धरता आलं असतं.

"धरलंस ना? शाब्बास! सोडू नकोस, मी गाठ मारायला काहीतरी आणतो!"

"काका," लेक म्हणाली, "सोडतेय मी."

"अगं, वर तुळईला जाऊन लागेल तो!"

"लागू दे. कप्प्या जुन्या आहेत, हळूच जातील."

तिने एकेक बोट उघडलं. साखळी पुन्हा चालू लागली, आधी तिच्या तळहाताला घासत, मग नुसती समोरून. ती वर बघत राहिली. बाबा काकांच्या मजल्यावरून गेले, काकांनी हात लांबवला पण पोचला नाही, आणि तसेच पुढे, कुठेही न अडखळता, वर काचेपर्यंत. तिथे तुळईला एकदा ठण्ण करून लागले. तो आवाज सगळ्या जिन्यात खालपर्यंत उतरला. लेक रडत होती आणि तिला ते बरंच उशिरा समजलं.

तळातून आईचा आवाज आला. "राणी आली गं इथे! ते कुठेत?"

"वर," लेक म्हणाली. मग आवाज नीट करून पुन्हा, मोठ्याने, "वर आहेत, आई!"

"पार वर?"

"पार वर."

"जन्मभर नाही नाही म्हणत होते," आई म्हणाली. "गेले ना शेवटी? फुकटात गेले!"

काका जिना उतरत आले, धापा टाकत, खिशातला चुंबक चाचपत. ते चिडलेले होते आणि त्यांचे डोळे लाल होते, आणि दिव्याचा उजेड तर फार खाली राहिला होता. "उद्या मोकळी साखळी लावून घेतो," ते म्हणाले. "तोल बरोबर होईल. मग सोडशील तिथे थांबेल."

"नको," लेक म्हणाली. "राहू दे असंच."

"असंच? अगं, दर वेळी तेल घालून दिवा सोडलास की तुझा बाप असा वर पळणार. मग राणीला खालून रेटून रेटून त्याला परत खाली आणावं लागेल. कोण करणार ते?"

"मीच करणार. माझं काम आहे ते, ठरलंय आपलं."

ती जिना उतरायला लागली. खाली आई राणीशेजारी उभी होती, लाल उजेडात, मान पार मागे टाकून.

"चल," आई म्हणाली. "तू त्या बाजूने धर. उतरवू ह्यांना."